गुप्त ग्राहकाची आठवण आणि नोंदवही

शनिवारची सायंकाळ. शहरातील एका मॉलमधले मोबाइल फोनचे दालन. पस्तिशीतील एक महिला आत येते, दोन-तीन हँडसेट हाताळून पाहते, हप्त्यांची चौकशी करते, एक चार्जर विकत घेते आणि बाहेर पडते. विक्रेत्याच्या लेखी ती दिवसभरातल्या असंख्य ग्राहकांपैकी एक. तिला मात्र त्याच रात्री एक लांबलचक प्रश्नपत्रिका भरून द्यायची असते. दालनात पाऊल ठेवल्यापासून किती वेळाने कर्मचाऱ्याने दखल घेतली? त्याच्या छातीवरील पट्टीवर कोणते नाव होते? त्याने आधी गरज विचारली, की थेट महागडा हँडसेट पुढे केला? हप्त्यांवरील प्रक्रिया शुल्क त्याने आपणहून सांगितले, की विचारल्यावर? बिल हातात देताना तो काय म्हणाला? असे चाळीस-पन्नास प्रश्न आणि त्यांतील एकाचेही उत्तर दालनात उभे राहून उघडपणे टिपून घेण्याची सोय नाही.

अशा ग्राहकाला इंग्रजीत ‘मिस्ट्री शॉपर’ म्हणतात. मराठीत त्याला गुप्त ग्राहक म्हणता येईल. वेषांतर करून प्रजेत फिरणाऱ्या राजाच्या गोष्टी आपल्याकडे जुन्याच आहेत. व्यवसाय म्हणून मात्र ही पद्धत अमेरिकेत वाढली. दुकानातील नोकर गल्ल्यात हात घालतो काय, हे पाहण्यासाठी मालक अनोळखी माणूस ग्राहक म्हणून पाठवीत. ‘मिस्ट्री शॉपिंग’ हा शब्दप्रयोग १९४० च्या दशकात विलमार्क या अमेरिकी संस्थेने रूढ केला, असे मानले जाते. कालांतराने प्रामाणिकपणाची परीक्षा मागे पडून सेवेचा दर्जा हा पाहणीचा मुख्य विषय झाला आणि १९९८ मध्ये या क्षेत्रातील संस्थांची व्यावसायिक संघटनाही अमेरिकेत उभी राहिली. भारतात बँका, विमा कंपन्या, पेट्रोल पंप, मोटारींची विक्रीदालने, खाद्यगृहांच्या साखळ्या अशा अनेक ठिकाणी गुप्त ग्राहक जाऊन येतात. बहुतेकांसाठी हे पूर्णवेळ काम नसते. गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी यांना फावल्या वेळात करता येण्याजोगे हे काम असून मोबदलाही बेताचाच असतो.

मोबदला बेताचा असला तरी अहवालाचे वजन कमी नसते. काही ठिकाणी कर्मचाऱ्याचा मासिक प्रोत्साहन भत्ता, काही ठिकाणी शाखेची श्रेणी, तर काही ठिकाणी फ्रँचायझी घेतलेल्या मालकाचे कंपनीशी असलेले संबंध या गुणांवर अवलंबून असतात. ‘कर्मचाऱ्याने स्वागत केले नाही’ या एका ओळीने एखाद्या विक्रेत्याच्या त्या महिन्याच्या कमाईला कात्री लागू शकते. ती ओळ प्रत्यक्ष पाहून लिहिलेली आहे, की रात्री अकरा वाजता अंदाजाने भरलेली आहे, हे त्या विक्रेत्याला कधीच कळत नाही. गुप्त ग्राहकाच्या स्मरणशक्तीचा विचार करायचा तो या कारणासाठी.

आठवण कशी दगा देते?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले स्मरणाविषयीचे प्रयोग या बाबतीत आजही पायाभूत मानले जातात. त्यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि ठरावीक काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम कमी लागतात, हे मोजले. एका तासानंतर ही बचत सुमारे ४४ टक्के, तर एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के उरली होती. म्हणजे विसरण्याचा सर्वांत मोठा झपाटा पहिल्या तासातच येऊन जातो. पुढची घसरण संथ असते. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी २०१५ मध्ये हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हाही आलेख जवळपास तसाच निघाला.

दुकानातील भेट म्हणजे निरर्थक अक्षरे नव्हेत, हा आक्षेप रास्तच आहे. आपण कोणत्या दुकानात गेलो, काय घेतले, विक्रेता बरा होता की वाईट, हे आठवडाभरानेही सांगता येते. परंतु प्रश्नपत्रिकेला हवे असते ते पट्टीवरचे नाव, रांगेतील माणसांची संख्या, काउंटरचा क्रमांक, थांबावे लागलेली मिनिटे. हे तपशील गोष्टीला धरून राहत नाहीत. स्मरणाच्या दृष्टीने ते एबिंगहाउस यांच्या अक्षरांच्याच जातीचे आणि म्हणून सर्वांत आधी गळणारे.

विसरणे तरी परवडले. कारण ‘आठवत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिता येते. अधिक घातक असते ते मनाने रिकामी जागा परस्पर भरून काढणे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात याचे सुरेख उदाहरण दिले आहे. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला देऊन नंतर आठवून लिहायला सांगितली. वाचकांनी कथेतील अनोळखी भाग गाळला आणि ओळखीचा भाग पदरचा घातला. ‘कनू’ची साधी ‘बोट’ झाली. गुप्त ग्राहकाचेही हेच होते. बँकेत शिरताना सुरक्षारक्षक दार उघडून देतो, हे चित्र डोक्यात पक्के असते. त्या दिवशी त्याने दार उघडले नसले तरी रात्री लिहिताना ते उघडले जाते.

त्यात प्रश्नपत्रिकेची भाषा भर घालते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवून काहींना ‘मोटारी एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता’ असे विचारले, तर काहींना ‘मोटारी धडकल्या तेव्हा वेग किती होता’ असे. आठवड्याने सर्वांना विचारण्यात आले, की फुटलेली काच दिसली होती काय? चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तरीही पहिल्या गटातील ५० पैकी १६ जणांनी ‘होय’ म्हटले. दुसऱ्या गटात अशांची संख्या ७ होती. ‘विक्रेत्याने हसून स्वागत केले का?’ हा प्रश्न वाचता वाचता विक्रेत्याच्या चेहऱ्यावर स्मित उमटू लागते ते असे.

ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये बाजार संशोधनविषयक नियतकालिकात गुप्त ग्राहकांच्या अचूकतेवर एक लेख लिहिला. पाहताना, साठवताना आणि आठवताना अशा तिन्ही टप्प्यांवर चूक शिरू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. अहवाल मागवणाऱ्या कंपन्यांनी तो आवर्जून वाचावा असा आहे. साठ प्रश्नांची यादी करणाऱ्यांनी तर नक्कीच.

पदराची गाठ

पूर्वी बायका पदराला गाठ मारून ठेवीत. गाठ हाताला लागली की काम आठवे. अनुभवी गुप्त ग्राहक अशाच गाठी मारून ठेवतो आणि त्यांतील बऱ्याचशा दुकानात शिरण्यापूर्वी मारलेल्या असतात. प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी एकदा आणि निघताना पुन्हा एकदा वाचायची, पण पाठ करायची नाही. प्रश्न क्रमांकाने लक्षात ठेवण्याऐवजी ते जागेनुसार लावून घ्यायचे : दाराशी काय पाहायचे, मांडणीपाशी काय, विक्रेत्यापाशी काय, गल्ल्यापाशी काय आणि निघताना काय. एका जागेला चार-पाच गोष्टींहून अधिक आल्या, तर त्यांतील कोणती सुटली तरी चालेल, हे आधीच ठरवून ठेवावे. मनुष्य एका वेळी मनात फार गोष्टी धरून ठेवू शकत नाही. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी ही मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास आणून ठेवली.

नावांसाठी प्रत्येकाची युक्ती वेगळी. पट्टीवर ‘वैशाली’ असे दिसले तर फर्ग्युसन रस्त्यावरचे उपाहारगृह ठाऊक असलेल्या पुणेकराला ते लक्षात ठेवण्यास सायास पडत नाहीत. गफलत होते ती नीलेश आणि नितेश यांत. अशा वेळी आपल्या ओळखीतला त्याच नावाचा माणूस मनात विक्रेत्याशेजारी उभा करणे, हा उपाय बहुतेकांना साधतो. बोलण्याच्या ओघात ‘थँक यू, नितेश’ असे म्हणून टाकणे त्याहून सोपे. नाव चुकले असेल तर तोच दुरुस्त करतो.

वेळेच्या बाबतीत मात्र स्वतःच्या मनावर बिलकूल विसंबू नये. रांगेत उभे असताना तीन मिनिटांची सहज सात मिनिटे वाटतात. गप्पिष्ट विक्रेत्याबरोबरची पंधरा मिनिटे पाचात संपतात. म्हणून वेळेच्या खुणा बाहेरच्या वस्तूंवर सोडाव्यात. पार्किंगच्या पावतीवरची वेळ, आत शिरताना घरी लावलेला मिस्ड कॉल, बिलावर छापलेली वेळ, बाहेर पडताच लावलेला दुसरा मिस्ड कॉल. एवढ्या चार खुणांवर भेटीचा सगळा कालक्रम उभा राहतो. हातात फोन घेऊन संदेश लिहिणारा ग्राहक आता कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, त्यामुळे दोन-चार शब्द स्वतःलाच संदेश म्हणून पाठवता येतात. पूर्वी त्यासाठी वाणसामानाची यादी लागे. ‘साखर ३ किलो’ म्हणजे रांगेत तीन माणसे.

दुकानाबाहेर पडल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे ही खरी कामाची वेळ. वाहनात, जवळच्या बाकावर किंवा चहाच्या टपरीवर बसून, प्रश्नपत्रिका न उघडता, जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहून काढावे. विक्रेत्याचे जे शब्द कानात असतील ते जसेच्या तसे, मोडक्या वाक्यांत का होईना, उतरवून घ्यावेत. प्रश्न पाहायचे ते त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की लॉफ्टस यांची फुटकी काच अहवालात शिरलीच म्हणून समजावे. एकाच दिवशी तीन-चार ठिकाणे करणाऱ्यांनी तर पहिल्याची टिपणे पुरी झाल्याखेरीज दुसऱ्या दारात पाऊल टाकू नये. दोन पेट्रोल पंपांपैकी कोणत्या पंपावरच्या मुलाने इंधन भरण्यापूर्वी मीटरवरचे शून्य दाखवले, हे संध्याकाळी ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

डोळ्यांनी पाहिले ते आणि मनाला वाटले ते

टिपणे वेळेवर झाली तरी ती कशी लिहिली आहेत यावर त्यांची किंमत ठरते. ‘कॅशियर उद्धट होती’ हा निष्कर्ष आहे. ‘मी दोनदा विचारूनही कॅशियरने मान वर केली नाही, सुट्टे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवले’ ही नोंद आहे. पहिल्या वाक्यावर वाद घालता येतो, दुसरे तपासता येते. शिवाय नोंद वाचणाऱ्याला वेगळा अर्थही लावता येतो. कदाचित त्या वेळी ती रोकड मोजत असेल. ‘दालन अस्वच्छ होते’ यापेक्षा ‘प्रवेशद्वाराशी चहाचे दोन कागदी पेले पडलेले होते, मी निघेपर्यंत उचलले गेले नाहीत’ हे लिहायला एकच ओळ अधिक लागते.

कर्मचाऱ्याचे वर्णन हा नाजूक भाग. उंची, चष्मा, केस, गणवेश, आवाज, कोणत्या भाषेत बोलला, एवढे पुरे. जातीधर्माचे तर्क, ‘गावंढळ’, ‘चालू’ असले शेरे यांना अहवालात जागा नाही. कर्मचाऱ्यांना अशी पाहणी होत असते याची पूर्वकल्पना मालकाने दिलेली असावी, असे या व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहिता सांगतात. ती दिली जाते की नाही, हे गुप्त ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो. निदान आपल्या लेखणीने कुणाचा अवमान होणार नाही, एवढे त्याच्या हातात असते.

जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ म्हणूनच लिहावे. संस्थांचे तपासनीस रिकाम्या चौकटीवरून अहवाल परत पाठवतात, ही तक्रार खरी आहे आणि त्या धाकाने चौकटी भरल्या जातात हेही खरे. यात दोष भरणाऱ्याइतकाच भरायला लावणाऱ्याचाही आहे.

मुंबई-दिल्लीतील दवाखान्यांत

आठवण आणि नोंद यांची शिस्त किती काटेकोर असू शकते, याचा नमुना बाजारपेठेबाहेर, क्षयरोगाच्या संशोधनात सापडतो. खासगी दवाखान्यांत क्षयाच्या संशयित रुग्णाला कोणती वागणूक मिळते हे पाहण्यासाठी स्थानिक लोकांना तालीम देऊन रुग्ण म्हणून पाठवण्यात आले. कोणती लक्षणे सांगायची, विचारल्यास कोणते उत्तर द्यायचे, कोणती तपासणी टाळायची, हे सारे त्यांच्याकडून घोटून घेतलेले होते. भेट संपल्यावर तासाभराच्या आत पर्यवेक्षक ठरावीक प्रश्नावलीवर त्यांच्याकडून उत्तरे नोंदवून घेत. २०१४ मध्ये दिल्लीत झालेल्या प्राथमिक अभ्यासात अशा २५० भेटींपैकी केवळ ५२ भेटींत, म्हणजे २१ टक्के वेळा, रुग्णाला योग्य दिशेने नेले गेले. त्या अभ्यासाची विशेष बाब अशी, की काही भेटींचे ध्वनिमुद्रण करून ते रुग्णांनी सांगितलेल्या आठवणीशी ताडून पाहण्यात आले आणि दोहोंचा बऱ्यापैकी मेळ बसला. पुढे मुंबई व पाटणा येथे बाराशेहून अधिक दवाखान्यांत हाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेही योग्य उपचाराचे प्रमाण साधारण तृतीयांशाच्या आसपासच होते.

साध्या माणसांच्या आठवणीवर इतके गंभीर निष्कर्ष उभे राहू शकले, ते त्यांची स्मरणशक्ती अफाट होती म्हणून नव्हे. विचारायच्या गोष्टी नेमक्या होत्या, तालीम होती आणि मधे तासाहून अधिक काळ जाऊ दिला नव्हता.

हीच सोय मोबाइलमधील ध्वनिमुद्रणाने का करू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. काही पाहण्यांत संस्था स्वतःच तशी व्यवस्था करतात. पण संस्थेची लेखी सूचना नसताना गुपचूप ध्वनी-चित्रमुद्रण करणे गुप्त ग्राहकाने टाळावे हे बरे. बँकेसारख्या ठिकाणी छायाचित्रणास मज्जाव असतो, आणि खासगी संभाषणाचा प्रश्न निराळाच.

बिले, पावत्या आणि खतावणी

भेटीची नोंद संस्थेसाठी. हिशेबाची नोंद स्वतःसाठी. ही दुसरी वही न ठेवणारे पुष्कळ असतात आणि तीन महिन्यांनी पैसे आले की ते कोणत्या भेटीचे, हे त्यांना उमगत नाही. साध्या वहीत किंवा संगणकावरील तक्त्यात काम स्वीकारल्याची तारीख, संस्था, ठिकाण, ठरलेला मोबदला, खरेदीची मर्यादा, प्रत्यक्ष खर्च, अहवाल पाठवल्याची तारीख, तो स्वीकारल्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख एवढे रकाने असावेत. मोबदला व परतफेड हे दोन रकाने वेगळेच हवेत. समजा, मोबदला ३०० रुपये आणि खरेदीची मर्यादा २०० रुपये असताना २४९ रुपयांची वस्तू घेतली, तर वरचे ४९ रुपये पदरचेच गेले. खरी कमाई २५१ रुपये. त्यातून प्रवासखर्च वजा केल्यावर काय उरते, हे या वहीमुळे डोळ्यांसमोर राहते आणि कोणते काम नाकारायचे ते कळते. हा मोबदला उत्पन्नात धरला जात असल्याने करकपात झाली असेल तर ती रक्कमही नोंदवून वर्षअखेरीस प्राप्तिकर खात्याच्या नोंदींशी ताडून पाहावी.

बिलाचे छायाचित्र दुकानाबाहेर पडताच काढावे. बहुतेक दुकानांतील बिले उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात. उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेले किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेले बिल काही महिन्यांत कोरे होते. टिकावे म्हणून लॅमिनेट करायला दिले तर संपूर्ण काळे होऊन परत येते. साध्या कागदावरची छायाप्रत मात्र टिकते. बिलावरचा क्रमांक, वेळ, काउंटर आणि कॅशियरचा संकेतांक हे चारही छायाचित्रात वाचता येतात ना, तेवढे पाहून घ्यावे.

या कामाच्या नावाखाली फसवणूकही चालते. पैसे पाठवण्याच्या सेवेची ‘पाहणी’ करायची आहे असे सांगून उमेदवाराला बनावट धनादेश द्यायचा, तो वटण्यापूर्वीच त्याच्याकडून रक्कम किंवा गिफ्ट कार्डे उकळायची, या प्रकाराविषयी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने वारंवार इशारे दिले आहेत. आपल्याकडे हेच ‘टास्क’च्या रूपाने मोबाइलवर येते. काम देण्यासाठी आधी पैसे मागणारी संस्था खरी नसते. फसगत झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवता येते.

या साऱ्या नोंदींचा कस लागतो तो अहवालाला हरकत घेतली गेल्यावर. अशी हरकत महिन्या-दोन महिन्यांनीही येऊ शकते. समजा, अहवालात सागर नावाच्या विक्रेत्याने हप्त्यांचे शुल्क लपवल्याची नोंद आहे आणि दालनाचा व्यवस्थापक कळवतो, की त्या दिवशी सागर रजेवर होता. केवळ नाव लिहिणाऱ्याजवळ यावर उत्तर नसते. त्याचा अहवाल खोटा ठरतो किंवा रजेवर असलेल्या मुलाचा भत्ता तरी जातो. पण टिपणात ‘पट्टीवर सागर असे नाव, उंच, चष्मा, उजव्या मनगटावर जाड कडे, हिंदीत बोलला’ असे असेल आणि बिलाच्या छायाचित्रात सायंकाळी ६ वाजून ४२ मिनिटे ही वेळ व कॅशियरचा संकेतांक असेल, तर त्या वेळी काउंटरवर कोण होते हे हजेरीपटावरून काढता येते. घाईत दुसऱ्याची पट्टी लावून उभा राहिलेला कर्मचारी सापडतो आणि सागरचे नाव अहवालातून वगळले जाते.